सारखे, पण कशात?

वाशीच्या घाऊक फळबाजारात गेली काही वर्षे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक आंबा उतरतो. कोकणातल्या झाडांना तेव्हा मोहोराची नुसती चाहूल लागलेली असते आणि इथे पेटीत पिकलेला हापूस! हा आंबा आफ्रिकेतल्या मलावीचा. तिथल्या बागांचा वंश कोकणातल्या काड्यांपर्यंत जातो, असे व्यापारी सांगतात. त्यांचे म्हणणे सरळ आहे: झाड तेच, फळ तेच, मग नाव दुसरे कशाला? रत्नागिरीच्या बागायतदाराचे म्हणणेही तितकेच सरळ आहे: आमच्या मातीत, आमच्या खाऱ्या वाऱ्यात जे पिकत नाही त्याला हापूस म्हणू नका. कायदा बागायतदाराच्या बाजूने आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. वंशाचा विचार केला तर मात्र व्यापाऱ्याची बाजू उचलून धरावी लागते.

दोघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही. भांडण आंब्याचे दिसत असले तरी ते खरे 'तंतोतंत सारखे' या कल्पनेचे आहे. एखादी वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हणताना, ती कशात सारखी आहे हे आपण बहुतेक वेळा सांगत नाही. ते न सांगितल्यामुळे किती घोटाळे होतात, हे पाहायचे तर 'क्लोन' या शब्दाची चाल पाहावी.

हा शब्द मराठीत आता रुळला आहे. 'कार्ड क्लोन करून लाखोंचा गंडा' अशा मथळ्यापाशी कुणी अडखळत नाही. अर्थ सर्वांना ठाऊक असतो: मुळाबरहुकूम नक्कल. हा अर्थ शब्दाला चिकटला तो मात्र बराच उशिरा. १९०३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातला हर्बर्ट वेबर हा वनस्पतिशास्त्रज्ञ एका अडचणीत होता. गव्हाची 'जात' आणि सफरचंदाची 'जात' यांना एकच शब्द वापरला जाई. वस्तुतः गव्हाचे प्रत्येक रोप आपापल्या बीजातून स्वतंत्रपणे जन्मते, तर सफरचंदाच्या एका जातीची सगळी झाडे कुठल्यातरी एकाच झाडाच्या फांद्यांपासून आलेली असतात. या दुसऱ्या प्रकाराला वेगळे नाव हवे होते. त्यासाठी डहाळी या अर्थाचा ग्रीक शब्द पुढे आला. दोन वर्षांनी पोलार्ड नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने उच्चार दीर्घ व्हावा म्हणून इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ई' जोडायला सुचवले आणि आजचे रूप पक्के झाले.

वेबरच्या व्याख्येतली खरी गंमत पुढे आहे. कंद, काडी, डोळा, कलम अशा कुठल्याही मार्गाने वाढवलेल्या झाडांच्या समूहाला त्याने हे नाव दिले आणि ही सगळी झाडे म्हणजे मूळ एकाच रोपाचे भाग होत, असे म्हटले. एका झाडाला क्लोन म्हणायचे नव्हते. सगळा गोतावळा मिळून एक क्लोन. मूळ कुठले आणि नक्कल कुठली, हा प्रश्नच त्या व्याख्येत उद्भवत नव्हता. देवगडचे झाड आणि मलावीचे झाड ही वेबरच्या हिशेबाने दोन झाडे नव्हेतच. एकाच झाडाच्या, समुद्रापलीकडे गेलेल्या फांद्या आहेत.

फांदीची ही कल्पना सुटली आणि नकलेची कल्पना घुसली ती शब्द बागेतून बाहेर पडल्यावर. आयुष्याची अखेरची वर्षे भारतात, भुवनेश्वरला काढलेल्या जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात माणसांच्या क्लोनची शक्यता मांडली. कर्तबगार माणसांची पुन्हा पुन्हा निपज करावी, अशी ती दिशा होती. १९७० मध्ये ॲल्विन टॉफलरच्या 'फ्यूचर शॉक' या पुस्तकाने शब्द घरोघरी नेला. १९७६ मध्ये आयरा लेविनच्या 'द बॉइज फ्रॉम ब्राझील' या कादंबरीत हिटलरची चौऱ्याण्णव लहान रूपे जगभर वाढू लागली. कादंबरी वाचणाऱ्यांना हिटलरचे क्लोन लक्षात राहिले. त्या कथेतल्या कटवाल्यांना केवळ क्लोन पुरेसे वाटत नव्हते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. हिटलरचा बाप ज्या वयात वारला त्याच वयात या मुलांचे पालक-बाप मेले पाहिजेत, म्हणून ते खून करत सुटतात. रहस्यकथा लिहिणाऱ्यालाही कळत होते की वंश सारखा असला तरी आयुष्य सारखे घडवावे लागते.

कोकणातल्या माळ्याला हे सांगावे लागत नाही. तिकडे झाडालाच कलम म्हणतात. 'आमची दीडशे कलमं आहेत' म्हणजे दीडशे हापूस. बाटा, म्हणजे कोय, रुजून आलेला तो रायवळ. रायवळाचा प्रत्येक आंबा वेगळ्या चवीचा, वेगळ्या आकाराचा, कारण प्रत्येक कोय हा नव्याने पिसलेला पत्त्यांचा डाव असतो. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असे नाही, म्हणून कलम. पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्याच्या कोयी रुजत घालतात. रोपाला तांबूस, लुसलुशीत पाने फुटली की दोन आठवड्यांच्या आत त्याचा शेंडा उडवायचा, उरलेल्या कोवळ्या खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. मातृवृक्षावरून आणलेल्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करायचे, ती पाचर चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळायची. सालीला साल लागली पाहिजे, हात थरथरता कामा नये, पाते धारदार हवे. तीन-चार आठवड्यांत काडीला डोळे फुटले की कलम साधले. हेच कोय कलम.

आता नीट पाहा. वरची काडी हापूसची, पण खाली रुजलेली कोय बहुधा कुठल्यातरी रायवळाची. म्हणजे बागेतल्या दीडशे 'सारख्या' झाडांपैकी प्रत्येकाच्या पायाशी वेगळे, अनोळखी मूळ आहे. ज्याला आपण अस्सल हापूस म्हणतो त्यातला 'अस्सल' हा अरबी शब्द मुळाचाच वाचक. आणि नेमके मूळच हापूसचे नाही! झाड किती उंच होणार, पाणी कसे ओढणार, यांत या मुळाचा वाटा असतो. त्यावर कातळ की भरड माती, समुद्र किती दूर, पालवी कधी आली, हे सगळे. एकाच बागेत वरच्या अंगाच्या कलमांचा आंबा आणि खालच्या अंगाचा आंबा यांत फरक करणारे जाणकार कोकणात गावोगाव सापडतात. क्लोन सगळे सारखे असतात ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही.

पण काही गोष्टी बिनचूक उतरतात, हेही माळ्याला ठाऊक असते. हापूस कापल्यावर कधीकधी आत पांढुरका, आंबूस, न पिकलेला गर निघतो, त्याला साका म्हणतात. वरून फळ देखणे, आत साका. साका धरायला उष्णतेसारखी बाहेरची कारणे असतात, पण साक्याला बळी पडण्याचा हापूसचा स्वभाव काडीबरोबर प्रत्येक कलमात जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निलम आणि हापूस यांच्या संकरातून साक्यापासून मुक्त अशी 'रत्ना' ही जात काढली, ती बियांचा मार्ग धरून. कलमे बांधत राहून हा दोष गेला नसता.

प्राण्यांकडे आले तरी हेच चित्र दिसते. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली ही मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनातली पेशी घेतली, दुसऱ्या जातीच्या मेंढीचे केंद्रक काढलेले अंडे घेतले, दोन्ही जोडली. असे २७७ प्रयत्न झाले आणि एक कोकरू जगले. जगभर गाजावाजा झाला तो 'हुबेहूब प्रतीचा'. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि डॉलीच्या अंगातला तो डीएनए अंडे देणाऱ्या मेंढीकडून आला होता. वंशाच्या पातळीवरसुद्धा डॉली शंभर टक्के नक्कल नव्हती.

डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या सीसी या क्लोन केलेल्या मांजरीने तर डोळ्यांदेखत पुरावा दिला. तिची मूळ मांजर रेनबो तिरंगी होती: पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. सीसी मात्र पांढरी आणि करड्या पट्ट्यांची. नारिंगी रंगाचा मागमूस नाही. कारण मांजरीच्या रंगाचा एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प केलेले असते. कुठल्या पेशीत कुठले गप्प व्हावे हे गर्भात योगायोगाने ठरते, म्हणून तिरंगी मांजरीच्या अंगावरचे ठिपके. ज्या एका पेशीतून सीसी घडली तिच्यात नारिंगीवाले गुणसूत्र गप्प होते आणि ते तसेच राहिले. गेलेले मांजर 'परत' मिळेल या आशेने पैसे मोजणाऱ्यांना सीसीचे एक छायाचित्र पुरेसे उत्तर होते.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये क्लोन केलेली म्हशीची पारडी जन्मली. तिचे नाव ठेवले समरूपा. ती काही दिवसच जगली. त्याच वर्षी जून महिन्यात गरिमा झाली, ती दोन वर्षे जगली. पुढे दुसरी गरिमा झाली आणि २०१३ मध्ये ती नैसर्गिकपणे व्यायलीसुद्धा. रूप सम ठेवणे प्रयोगशाळेच्या हाती होते. आयुष्य सम ठेवणे नव्हते.

यावर कुणी म्हणेल, हा शब्दांचा कीस काढणे झाले. जळगावचा केळीवाला टिश्यू कल्चरची रोपे लावतो ती सारखेपणासाठीच. ग्रँड नैनची हजारो रोपे एकदम निसवतात, घड एका मापाचे येतात, काढणी एकाच वेळी होते, ट्रक भरतो. त्याच्या दृष्टीने ही झाडे सारखीच आहेत, मग तत्त्वज्ञान कशाला?

आक्षेप खरा आहे आणि त्यातच उत्तर आहे. 'त्याच्या दृष्टीने' सारखी, म्हणजे घडाच्या मापात आणि काढणीच्या तारखेत सारखी. या सारखेपणाला किंमत आहे आणि ती त्याला मिळते. पण तीच झाडे आणखी एका बाबतीत सारखी आहेत: ज्या रोगापुढे एक झाड हतबल, त्यापुढे सगळी हतबल. ग्रो मिशेल ही केळीची जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका खंडातून जगभर जाई. मुळातून शिरणाऱ्या पनामा या बुरशीजन्य रोगाने तिच्या बागा साफ केल्या आणि १९६०च्या सुमारास व्यापाराला कॅव्हेंडिश गटाकडे वळावे लागले. ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश गटातली आहे. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशला ग्रासतो आहे आणि भारतात बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत पोचला आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि सुमारे दहा लाख माणसे दगावली, त्यामागे राजकारण आणि दारिद्र्य होतेच; पण गरिबांच्या शेतात लंपर ही कंदापासून वाढवलेली एकच जात मोठ्या प्रमाणात होती, हेही कारण होते.

म्हणजे आपली भीती आणि आपली बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी बसल्या आहेत. क्लोन ज्यात सारखे नसतात, म्हणजे स्वभाव, आयुष्य आणि नशीब, त्यात ते सारखे निघतील म्हणून आपण धास्तावतो. ज्यात ते खरोखर सारखे असतात, म्हणजे दुबळेपणात, तिकडे आपण डोळेझाक करतो. 'सारखे' म्हटल्यावर 'कशात?' असे कुणी विचारले असते तर या दोन्ही चुका टळल्या असत्या. हापूस पुढच्या पिढ्यांना मिळावा असे वाटणाऱ्याने त्या हिशेबाने हापूसइतकीच रायवळाची काळजी घ्यायला हवी. ज्या रोगावर हापूसच्या एकाही कलमाकडे उतारा नसेल, तो उतारा असलाच तर कुठल्यातरी बांधावरच्या, बिननावाच्या रायवळात असेल.

सारखेपणात फट पडते तेव्हा ती नेहमी नुकसानीची असते असेही नाही. फांदीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल घडतो आणि त्या फांदीची फळे वेगळी येतात. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या बागेत असा बदल हेरला, लांबट मण्यांचा वाण वेगळा वाढवला आणि त्यातून 'सोनाका' आली. तासगावची 'तास-ए-गणेश'सुद्धा थॉम्पसनमधूनच निवडली गेली. बिनबियांच्या द्राक्षाला बीजाचा मार्ग जवळजवळ बंद असतो. त्याची प्रगती नक्कल चुकण्यावर अवलंबून असते. पण ती चूक दिसायला शेतकऱ्याचे डोळे लागतात. सगळे वेल सारखेच असतात असे धरून चालणाऱ्याला सोनाका दिसली नसती.

जिवंत गोष्टींत तंतोतंत नक्कल होत नाही, एवढ्यावर हा विषय संपला असता तर सोपे होते. निर्जीव गोष्टींत ती होते का? तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल मागावी लागे. नक्कल हा शब्द अरबीतून आला आणि तिकडे त्याचा एक अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेणे असा आहे. कचेरीच्या कामाला हा अर्थ छान बसतो. कागद वेगळा, शाई वेगळी, पण हक्काची नोंद जशीच्या तशी वाहून आणली. आपल्या ओळखीची 'सत्यप्रत' हीसुद्धा तशीच. झेरॉक्सवर अधिकाऱ्याचा शिक्का-सही होईपर्यंत ती सत्य नसते, आणि सही झाल्यावर कागदात काही बदललेले नसते. बदललेला असतो तो करार: आजपासून या कामापुरती ही प्रत मुळासारखी धरावी. गुणपत्रिकेची सत्यप्रत प्रवेशाला चालते, कारण तिथे गुण पाहायचे असतात. जुन्या नाण्याची सत्यप्रत मात्र संग्राहकाला चालणार नाही, कारण त्याला धातू आणि वय पाहायचे असते. सारखेपणा वस्तूत जितका असतो तितकाच तो तपासणाऱ्याच्या प्रश्नात असतो.

म्हणूनच 'कार्ड क्लोन' करणाऱ्याला कार्डासारखे कार्ड बनवावेच लागत नाही. त्याने कोरे, पांढरे प्लॅस्टिक घेतले तरी चालते. मागच्या चुंबकीय पट्टीवरची माहिती जुळली की यंत्राचे समाधान होते, कारण यंत्र तेवढेच विचारते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेल्या सायबर दरोड्यात चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रुपये गेले. त्यात क्लोन केलेली कार्डे वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. कार्डे तर बनावट होतीच. मंजुरी देणारी यंत्रणाही हल्लेखोरांनी मध्ये घुसवलेली, बनावट होती. नकलेचा हुबेहूबपणा वाढवण्याऐवजी त्यांनी तपासणाराच बदलला. पट्टी जाऊन चिपची कार्डे आली ती प्रश्न अवघड करण्यासाठी: चिप प्रत्येक वेळी नवे उत्तर देते, त्यामुळे जुने उत्तर चोरून उपयोग होत नाही.

आता पाळी आवाजाची आहे. मुलाच्या आवाजाचे काही सेकंदांचे ध्वनिमुद्रण मिळाले की त्या आवाजात 'आई, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव' असे वदवून घेता येते. ऐकणाऱ्या आईला आपण भोळी म्हणतो, तेही चूक आहे. आवाज ओळखला की माणूस ओळखला, हा करार माणसाने हजारो वर्षे पाळला आणि तो आजवर पुरेसा होता. तो करार आता मोडला आहे. आवाजाची नक्कल ऐकून ओळखण्याचे कसब शिकवण्यापेक्षा, आवाज सोडून दुसरे काही विचारण्याची सवय घरात लावणे अधिक उपयोगाचे: फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपणहून परत लावणे, किंवा घरच्यांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारणे.

राहता राहिला माणूस. माणसाचा क्लोन करू नये, यावर बहुतेक देशांचे एकमत आहे आणि त्याची ठोस कारणे आहेत. डॉलीच्या वेळी शेकडो प्रयत्न वाया गेले, समरूपा काही दिवसांत गेली. माणसाच्या बाबतीत असा हिशेब मांडणेही अमानुष आहे. पण जे कारण सर्वांत जास्त सांगितले जाते, की त्या मुलाला स्वतःची ओळख राहणार नाही, ते टिकत नाही. एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे आपल्यात नेहमीच आहेत. वंशाने ती एकमेकांचे क्लोन असतात, तरी त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा जुळत नाहीत, आणि आपण दोघे आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. धोका त्या मुलाच्या पेशींत नसेल. ज्यांनी ते मागवले त्यांच्या अपेक्षेत असेल. गेलेला मुलगा परत आणायला निघालेले आईबाप नव्या मुलाकडे सतत जुन्याचे उत्तर मागतील, आणि सीसीच्या रंगासारखे काहीतरी वेगळे निघाले की तो त्याचा दोष ठरेल.

अशी मागणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. डॉक्टर बापाच्या मुलाने डॉक्टर व्हावे, धाकट्याने थोरल्यासारखे गुण मिळवावेत, नातवाने आजोबांचे नाव 'चालवावे', हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत आणि त्याला संस्कार म्हणतो. माणसांच्या क्लोनवर बंदी घालणारा कायदा या अपेक्षेला हात लावू शकत नाही. ती बंदी घराघरात, स्वतःहूनच घालून घ्यावी लागेल.